जरा पाठ कर बघू

डोंबिवलीत थंडी पडत नाही. डिसेंबरात पंखा एकवर आणावा लागला की आम्ही तिला थंडी म्हणतो. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंना पाठ असलेली ही एकमेव सनावळी. तशी रात्र पुन्हा येणार आणि तेव्हा अख्ख्या बिल्डिंगीत धड स्वेटर कुणाकडे नसणार, या काळजीपोटी त्या विणत असतात.

काकू हा एक वाण आहे. तुमच्याही सोसायटीत एक दाणा असेल. खूण अशी, की ही बाई तुमच्या तोंडाकडे बघून बोलत नाही. गणपतीच्या रांगेत तिची नजर मूर्तीवर नसते, पुढच्याच्या पाठीवर असते. वेळ आली तर त्या परक्या माणसाच्या स्वेटरचं टोक चिमटीत धरून ती उलटंही करून बघेल, कारण विणीचं गुपित आतल्या बाजूला कळतं. मालिकेत नायिका घर सोडून निघालेली असते आणि काकू ओरडतात, "थांबव, तिथंच थांबव! सासऱ्याचा गळा बघू दे."

ओठ हलताना दिसले तर स्तोत्र चाललंय असं समजू नये. एकदा काका किल्ली विसरून दाराबाहेर उभे होते. आतून "अठ्ठावन्न, एकोणसाठ" ऐकू येत होतं. काकांनी घड्याळात बघितलं, "अजून चौसष्ट आहेत," म्हणाले आणि माझ्याकडे चहाला आले.

चौसष्टच का, तर ओळ एकशे तेवीस टाक्यांची होती. ती माझ्यासाठी होती म्हणून मला ठाऊक. माझी छाती ४० इंच, त्यावर ४ इंच सैलपणा, म्हणजे साधारण ११२ सेंटीमीटर. काकूंच्या हाताला दहा नंबरच्या सुयांवर १० सेंटीमीटरला २२ टाके बसतात. म्हणजे सगळे मिळून २४६, निम्मे पुढे, निम्मे मागे. (सुयांचा हिशेब आपल्याकडे उलटा असतो, आकडा वाढला की सुई बारीक. म्हणून बॉर्डर बारा नंबरवर.) हे गणित त्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीमागे करतात. १० सेंटीमीटरला एकच टाका कमी बसला, तर त्याच २४६ टाक्यांचा स्वेटर ११७ सेंटीमीटरचा होतो, म्हणजे दोन इंच जास्त, हे मी त्यांच्याकडून शिकलो. शाळेत प्रमाण इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं.

आता हा एक टाका कमी का बसतो, तर सगळा मनःस्थितीचा खेळ. काकू नोकरीवाल्या, जायचं यायचं लेडीज डब्यातून. त्यांच्या लेखी डोंबिवली ते घाटकोपर म्हणजे आठ ओळी, मेगाब्लॉक असला तर बारा. गर्दीत कुणाला टोचू नये म्हणून सुयांच्या टोकांना खोडरबर खोचलेले. खिडकी मिळाली तर हात सैल. साहेब बोलले असतील तर परतीच्या आठ ओळी आवळलेल्या. माझ्या आधीच्या स्वेटरची पाठ एका बदलीच्या हंगामात विणली गेली होती. पुढची बाजू बदली रद्द झाल्यावर. तो घातला की मी समोरून सुखवस्तू आणि मागून उपाशी दिसायचो.

यंदाचा मात्र खास होता. मला सप्टेंबरअखेर कामासाठी एडिंबराला जायचं होतं, तिथे शरदात स्वेटर खरोखर लागतो. आपल्याकडे शरद म्हणजे चांदणं आणि कोजागरी, पण दिवसा ऑक्टोबर हीट. काकूंना प्रथमच खरीखुरी थंडी गिऱ्हाईक म्हणून मिळाली होती. श्रावण लागताच त्या आरेखनाला बसल्या. आधी रंग. मला काळा हवा होता. "काळ्यावर वीण दिसते का? मग विणायचं तरी कशाला, काळं पोतंच घाल," असं म्हणून बिस्किटी ठरला. उठावाची वीण फिक्या, एकरंगी लोकरीवरच खुलते. रंगीबेरंगी धाग्यात सगळी मेहनत बुडते.

मग विणी. काकूंच्या विणींची नावं स्वयंपाकघरातून येतात. दोन्ही कडांना साबुदाणा, म्हणजे सुलटवर उलट आणि उलटवर सुलट. त्याच्या आत चटई. मधोमध सहा टाक्यांची वेणी, दर आठव्या ओळीला पीळ. पीळ घालताना तीन टाके तिसऱ्या सुईवर बाजूला ठेवावे लागतात. तिसरी सुई म्हणजे अंबाड्यातला आकडा. वेणी कापड आत ओढते, म्हणून तिच्याखाली टाके वाढवून घ्यावे लागतात. १० सेंटीमीटरचा नमुना त्यांनी चारदा विणला, धुतला, वाळवला, मोजला. घरात त्या नमुन्यांवर आता गरम भांडी ठेवतात.

अधूनमधून हाक यायची, "जरा पाठ कर बघू." मी पाठ करायचो. तीन सुयांवर लटकलेला अर्धा स्वेटर खांद्याला लावला जायचा आणि काकू म्हणायच्या, "वाढलास." आईला मात्र त्यांनी बजावून ठेवलं होतं, की इस्त्री लावायची नाही. मागे एकदा आईने प्रेमाने गरम इस्त्री फिरवली आणि ॲक्रिलिकच्या सगळ्या वेण्या भुईसपाट होऊन स्वेटर लोळागोळा झाला होता. काकूंनी सुतक धरल्यासारखा दोन दिवस सुयांना हात लावला नव्हता.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात स्वेटर शिवून पुरा झाला. बाहेर उकाडा, पंखा पाचावर, मी गळ्यापर्यंत लोकरीत. चार शेजारणी बघायला आलेल्या. काकूंनी मला गोल फिरवलं, आणि त्यांचं बोट पोटापाशी थांबलं. बॉर्डरच्या वरचा पहिलाच पीळ उजवीकडे पडायचा तो डावीकडे पडला होता.

"कुणाला दिसतंय?" मी म्हणालो.

"मला."

मी शहाणपणा केला. तेवढेच सहा टाके खालपर्यंत सोडून क्रोशाच्या सुईने पुन्हा चढवता येतात, असं त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पैठणीला सेफ्टी पिन लावायला सांगितली. विणलेलं वरून खाली उसवतं, आणि चूक तर तळाशी.

मी एडिंबराला दुकानातलं जाकीट घेऊन गेलो. त्याआधीची संध्याकाळ मात्र काकूंच्या हॉलमध्ये दोन्ही हात पसरून उभ्यानं काढली; उसवलेली लोकर माझ्या मनगटांवर लडी होऊन गुंडाळली जात होती. उसवलेली लोकर कुरळी होते, म्हणून लड्या धुऊन, खाली वजन बांधून गॅलरीत टांगायच्या होत्या. काका स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आले. काकूंचा चेहरा दोन महिन्यांत पाहिला नव्हता इतका खुलला होता.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "तो गोल गळा मला पहिल्यापासून पटत नव्हता. हलू नकोस रे. व्ही करू या?"