हद्दीबाहेरची वायर

घरचं इंटरनेट साफ बंद पडलं तर फारसं बिघडत नाही. तक्रार होते, माणूस येतो, नेट चालू होतं. खरी पंचाईत तळ्यात-मळ्यात करणाऱ्या नेटची. आमच्या सोसायटीतल्या आप्पांनी बँकेचा ओटीपी टाकला की ते जातं आणि तक्रारीसाठी फोन लावला की येतं. तेही वायरवरचं! वाय-फायचा भरवसा नको म्हणून आप्पांनी मुद्दाम वायर ओढून घेतलेली.

कस्टमर केअरची मुलगी म्हणते, ‘‘सर, आमच्या बाजूनं ओके दाखवतंय. राउटर एकदा बंद करून चालू करा.’’ घरी आलेला पोरगा राउटरवरचे दिवे बघतो, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि म्हणतो, ‘‘काका, नेट एक नंबर आहे. कॉम्प्युटरवाल्याला दाखवा.’’ कॉम्प्युटरवाला म्हणतो, ‘‘विंडोज गेलंय. फॉरमॅट मारावा लागेल.’’ आप्पा मान डोलावतात. चोर सोडून संन्याशाला फाशी होते, मुलाच्या लग्नाचे फोटो त्यात जातात आणि संध्याकाळी नेट पुन्हा तळ्यात.

भानगड हद्दीची आहे. कंपनीची हद्द राउटरपाशी संपते, कॉम्प्युटरवाल्याची कॉम्प्युटरपासून सुरू होते. मधली वायर म्हणजे दोन पोलीस ठाण्यांच्या शिवेवर सापडलेला मुद्देमाल. पंचनामा कुणीच करत नाही.

केलाच तर काय दिसेल? वायरच्या पोटात आठ तारा, दोन-दोनला पीळ देऊन केलेल्या चार जोड्या. हा पीळ शोभेचा नाही, आजूबाजूचा विद्युत गोंगाट तोच थोपवतो. १०० एमबीपीएसचं दोन जोड्यांवर भागतं. गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार ढिली झाली की वेग धाडकन शंभरावर येतो, नाहीतर जोडणी तुटते आणि कॉम्प्युटर-राउटर पुन्हा पहिल्यापासून वाटाघाटींना बसतात. आप्पांच्या प्लगची प्लॅस्टिकची खिटी केव्हाच मोडलीय. केर काढताना झाडू लागला की प्लग केसभर बाहेर येतो. वायर हॉलमधून गॅलरीत आणि तिथून स्लायडिंग खिडकीच्या फटीतून आतल्या खोलीत जाते. काच सरकवली की चेपते. स्वस्तातल्या वायरीत तर तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. ते चारदा वाकवलं की मोडतं.

तपास फुकट आहे. कॉम्प्युटरवरून राउटरला पिंग करायचं, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघायचं. बऱ्याच घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. उत्तर अडखळत आलं तर दोष घरात. राउटर नीट बोलतोय, पण ८.८.८.८ हा बाहेरचा सर्व्हर गप्प आहे, तर दोष बहुधा दाराबाहेर. दोष घरातला निघाला तर वायर बदलून बघायची, राउटरचा पोर्ट बदलून बघायचा आणि वीज वाचवण्यासाठी नेटवर्क कार्डाला झोपवण्याची विंडोजमधली टिक काढायची.

पण हा तपास कुणी करत नाही, कारण निकाल आपल्याविरुद्ध लागला तर भांडायचं कुणाशी? दोष दुसऱ्याच्या हद्दीत असला तरच माणूस जागरूक नागरिक होतो.

शेवटी आप्पांच्या नातीनं नवी वायर आणून लावली आणि नेट सुरळीत झालं. लगेच कंपनीचा मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, कृपया रेटिंग द्या.’ आप्पांनी पाचही तारे दिले.

नवी वायरही त्याच फटीतून गेलीय. खिडकी उघडी ठेवा, हा आप्पांचा हुकूम. डास येतात म्हणून ती लावा, हा आजींचा. खिडकी नेमकी कुणाच्या हद्दीत येते, हा विषय आता सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचं चाललंय.