सपाटीवरचा ट्रेक

भाचा पुण्याहून आला तो ट्रेकिंगचे बूट घालूनच. चहा घेता घेता म्हणाला, "मामा, इथं किल्ला आहे ना? मग तो वरून दिसेल असा पॉइंट कुठाय?"

या पोरानं विसापूरवर चढून लोहगड पाहिलेला. त्यामुळं प्रत्येक किल्ल्याशेजारी त्याचा फोटो काढायला देवानं आणखी एक डोंगर ठेवलेला असतो, अशी त्याची समजूत. मी सांगितलं, "बाबा, हा भुईकोट. भुईवरच बसलेला. मंगळवेढ्यात माणसापेक्षा उंच वाढते ती मालदांडी ज्वारी. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते तिलाच, डोंगराला नव्हे."

पण पाहुण्याचं मन मोडवेना. शेजारच्या आजींची गच्ची गल्लीत सगळ्यांत उंच. मोहीम तिकडं निघाली. भाच्याच्या पाठीवर सॅक, सॅकमध्ये दोन लिटर पाणी, मनगटावर चढाई मोजणारं घड्याळ. एकूण पायऱ्या चौतीस. अठराव्या पायरीवर मी दम खायला थांबलो, तेव्हा घड्याळानं विचारलं, "व्यायाम संपला का?"

गच्चीवर आजींनी तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या. खालूनच हाक आली, "कडंकडंनं जावा रं! तूर तुडवू नगासा!"

"किल्ला कुठला?" भाच्यानं विचारलं.

"ती निळी टाकी दिसते? तिच्या डावीकडं, लिंबाच्या मागं."

त्यानं फोन आडवा धरला, उभा धरला. दोन्हींत टाकीच आली. 1665 च्या डिसेंबरात, पुरंदरच्या तहानंतर मिर्झाराजांच्या विजापूर मोहिमेत, शिवाजी महाराजांनी हा किल्ला आदिलशहाकडून घेतला. कडेकपारीत वाढलेले मावळे तेव्हा इथं येऊन चढायला काहीतरी शोधत हिंडले असतील, तर त्यांचे चेहरे असेच झाले असणार.

तट म्हटलं, की इथल्या माणसाला गडाआधी चोखोबा आठवतात. 1338 साली गावकुसाचं बांधकाम चाललेलं असताना ते कोसळलं आणि कामावरचे चोखोबा त्याखाली गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी ओळख पटवून नामदेवांनी ती पंढरपूरला नेली, असं परंपरा सांगते. महाद्वारासमोर समाधी आहे. भाचा हे ऐकून गप्प झाला. फोन खिशात गेला. एरवी त्याच्या फोनला अशी विश्रांती नसते.

पलीकडं नजर जाईल तिथवर काळं रान आणि त्यावर ज्वारीची कणसं. ती नीट पाहावीत म्हणून तो दोन पावलं मागं सरला. शेंगांवर बूट घसरला आणि लोहगडचा वीर सगळ्या वाळवणावर बसला. सॅकसकट.

आजी काठी टेकत वर आल्या. आधी तुरीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "लागलं न्हाई न्हवं? मग ऊठ. दुष्काळात दामाजीपंतानं बादशाचं कोठार लोकांसाठी उघडलं, त्या गावात दाणं असं तुडवत्यात व्हय?"

पुढचा तासभर भाचा गुडघ्यांवर बसून फुटलेल्या शेंगांतले दाणे वेचत होता. आजी सूप धरून बसल्या होत्या आणि राहिलेला दाणा काठीनं दाखवत होत्या. मी, वयाचा मान म्हणून, सावलीत होतो.

शेवटचा दाणा सुपात पडला आणि घड्याळ थरथरलं. आजचं उद्दिष्ट पूर्ण झाल्याबद्दल त्यानं भाच्याचं अभिनंदन केलं होतं.