वजाबाकीवाले

तारा दिसला की चारचौघं ‘वा!’ म्हणतात. वजाबाकीवाले विचारतात, ‘किती उंचीवर होता?’

ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायच्या आत वातावरण त्यातला आपला वाटा कापून घेतं, अगदी टीडीएससारखा. हा कापलेला वाटा कागदावर पै न् पै परत मिळवायचा, यासाठीच या गृहस्थांचा जन्म. डोक्यावरच्या ताऱ्याचा उजेड जेवढी हवा ओलांडतो, तो यांचा एक एअरमास. तारा माथ्यापासून ६० अंश कलला की दोन. क्षितिजावर सुमारे ३८! त्यामुळे महाबळेश्वरला बॉम्बे पॉइंटवर सगळे फोटो काढण्यात दंग असताना हे घरच्यांना समजावत असतात की हा सूर्य वाटेत लुटला गेलाय. निळा रंग आधी गेला, हिरवाही बराचसा गेला, तुम्ही बघताय ती उरलीसुरली शिल्लक. ‘अहो, कणीस गार होतंय,’ एवढंच त्यावर बायको म्हणते.

कोजागरीला तर सोसायटीचे लोक यांना चुकवतातच. दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं म्हणून दूध नऊलाच उकळतं. तेव्हा चंद्र दीड एअरमासच्या आसपास. मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणजे नऊ वाजता पिणाऱ्यांचं दहाएक टक्के चांदणं हवेनंच खाल्लं! रूढी-परंपरांवर यांचा काडीचा विश्वास नाही, पण मध्यरात्रीच्या मुहूर्ताला मात्र त्यांचा सक्रिय पाठिंबा. एका वर्षी ते गच्चीवर मेणबत्त्याही घेऊन आले. पिएर बूगे नावाच्या फ्रेंच माणसानं चंद्राचा उजेड मेणबत्त्यांशी ताडून हवेची ही चोरी मोजली आणि १७२९ साली पुस्तकात छापली, हे प्रात्यक्षिकासह सांगायचं होतं. मुलांनी त्या फुंकून ‘हॅपी बर्थडे’ म्हटलं.

काम मात्र चोख. एकच तारा उगवतीपासून माथ्यापर्यंत मोजत राहायचा, त्याच्या तेजाची प्रत एअरमाससमोर मांडायची, रेघ सरळ आली की मागे शून्य एअरमासपर्यंत ओढायची. तिथे हवेबाहेरचा तारा भेटतो. पण मध्येच एखादा विरळ, डोळ्यांना न दिसणारा ढग सरकला तर रेघ वाकते आणि सगळी रात्र बाद. जुन्नरजवळच्या गिरवलीच्या वेधशाळेत निरभ्र वाटणाऱ्या आभाळाखाली कुणी खुशीत आलं, तर हे थंडपणे म्हणणार, ‘सकाळी आलेख बघू.’

यांच्यातली वर्णपटवाल्यांची पोटजात आणखी कडवी. ७६० नॅनोमीटरला दिसणारी ठळक काळी पट्टी ताऱ्याची नव्हे, आपल्याच ऑक्सिजनची. फ्राउनहोफरनं सूर्याच्या वर्णपटात तिला ए हे अक्षर दिलं. म्हणजे सूर्याच्या यादीत पहिलाच मान पृथ्वीच्या हवेनं पटकावला. हे किस्सा म्हणून सांगताना त्यांचा आवाज तक्रारीचा होतो. हवेच्या रेषा वेगळ्या काढायला ते शेजारचा, तेवढ्याच उंचीवरचा एक तारा शोधतात: तापट, गरगर फिरणारा, स्वतःच्या रेषा जेमतेम दाखवणारा. सहकारी निवडतानाही निकष साधारण हेच.

एवढी हवेला नावं ठेवणाऱ्या माणसाला हबल अवकाश दुर्बिणीबद्दल प्रेम असेल, असं वाटतं. छे! ‘१९९० पासून वर बसलीय, आयतं खातेय,’ ते म्हणतात. ‘हवाच नाही, तर मग काम काय राहिलं?’