अण्णांचा बर्फ

डिसेंबरात पहाटे साडेपाचला फोन वाजला की आमच्या घरी कोणी दचकत नाही. अण्णाच असतात. "पडला रे!" म्हणतात. काय पडला, हे विचारायचं नसतं. रोहतांगला बर्फ पडलेला असतो.

अण्णांची हयात पावसच्या बागेत गेली. बर्फ त्यांनी पाहिला तो मिरकरवाडा बंदरात, पापलेटच्या पेटीतला. पण गुलमर्गला काल रात्री किती साचला, ते तोंडपाठ.

कारण हापूसची दीडशे कलमं. "तिथं बर्फ नाही तर इथं थंडी नाही, थंडी नाही तर मोहोर नाही." ढोबळमानाने ते खरंही आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकले, की मागून उत्तरेचे कोरडे गार वारे सुटतात. जोर असला तर कोकणापर्यंत पोचतात. अण्णा या झंझावातांना 'पावणे' म्हणतात. "पावणे इराणात आलेत," असं दूधवाल्याला सांगतात. "गुरुवारी काश्मीर. रविवारी कांबळं काढून ठेव."

ओटीच्या खांबाला थर्मामीटर टांगलाय. त्यातला आकडा रोज कॅलेंडरच्या चौकोनात, एकादशी आणि गॅस सिलिंडर यांच्या मधल्या जागेत, पेन्सिलीने उतरतो. वेधशाळेचा आकडा वेगळा आला तर म्हणतात, "त्यांच्याकडे कलमं आहेत काय?"

पारा १८ वर आला की माणूस खूश व्हावा ना? पहिला दिवस होतात. चौथ्या दिवशी, "फार लांबली रे! आता पुन्हा मोहोर फुटणार आणि धरलेली कैरी गळणार." ढग आले तर तुडतुडा, दव पडलं तर भुरी. त्यांना हवी तश्शी थंडी आयुष्यात एकदाच पडली. कुठल्या साली, ते दर वेळी बदलतं.

गेल्या वर्षी मुलीने हट्टाने मनालीला नेलं. अण्णांनी बसमध्येच जाहीर केलं, "उद्या सकाळी सातला बर्फ." सगळी मंडळी कानटोप्या घालून हॉटेलच्या दारात. धो धो पाऊस! अण्णा छत्री उघडून शांतपणे म्हणाले, "मनाली दोन हजार मीटरवर. शून्य अंश त्याच्या वर आहे, म्हणून इथे येईतो वितळतोय. वर बर्फच पडतोय." तासाभराने ढग सरकले. समोरचे डोंगर निम्म्यापासून वर पांढरेशुभ्र! मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

जन्मभर ज्याची वाट पाहिली, त्या बर्फाकडे अण्णांनी एकदाच नजर टाकली आणि गड्याला फोन लावला. "पडला रे! रविवारी गारठा येतोय, कांबळं घेऊन झोप."

रविवारी आम्ही रत्नागिरीत पंखा तीनवर ठेवून झोपलो.