पुढे दाबा

जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्ड्यात आपण एक कल्पित ग्रामीण डाकसेवक बसवू. खरे जे आहेत त्यांना या सदरात ओढायला नको, त्यांच्यामागे आधीच पुष्कळ लिंका लागलेल्या आहेत. आमचे कल्पित मास्तर घरी कोंकणी, बाजारात मराठी आणि तालुक्याच्या कचेरीत कन्नड बोलतात. प्रशिक्षण मात्र हिंदी-इंग्रजीत घेतात. मोबाइलची रेंज पाहुण्यासारखी येते आणि आषाढात तीही येत नाही.

टपाल खात्याने २८ जून २०२२ रोजी ‘डाक कर्मयोगी’ हे पोर्टल सुरू केलं. सुमारे ४ लाख ग्रामीण डाकसेवक आणि खात्यातले कर्मचारी यांना बसल्या जागी शिक्षण मिळावं, हा त्यामागचा हेतू. हेतूला नावं ठेवण्याची सोय नाही. पूर्वी खात्यातल्या माणसाला म्हैसूरच्या टपाल प्रशिक्षण केंद्रात पाठवायचे. प्रवास, भत्ता, अंथरूण-पांघरूण, सगळा खर्च. वर्गात डुलक्या, आणि चहाच्या सुट्टीत धारवाडकडचा एखादा मुरलेला माणूस खरं काय ते सांगायचा. पोर्टलने वर्ग घरपोच आणला, डुलक्याही आणल्या. चहाची सुट्टी तेवढी अजून कोणी अपलोड केलेली नाही.

मग मास्तरांनी अभ्यासक्रम पूर्ण कसा केला? पहिला व्हिडिओ त्यांनी मनापासून पाहिला. तो दर दोन मिनिटांनी फिरत्या चक्रावर येऊन थांबे, म्हणून दुसरा आवाज बंद करून पिशवी लावता लावता चालू ठेवला. तिसऱ्याच्या वेळी लॉगिन बेळगावच्या भाच्याकडे गेलं. भाचा इंजिनिअरिंगला. वर्षभरात त्याला मनीऑर्डर, बचत खातं, विमा आणि तक्रार निवारण यांचे नियम तोंडपाठ झाले. ‘कार्यालयीन सचोटी’ या धड्यात तर पैकीच्या पैकी गुण. खात्याला एक उत्तम प्रशिक्षित माणूस मिळाला. फक्त तो खात्यात नाही.

वरच्या कचेरीत यातलं काहीच दिसत नाही. तिथे तक्ता आहे आणि तक्ता हिरवा आहे. शिकण्याच्या बहुतेक यंत्रणा आजही ‘स्कॉर्म’ नावाच्या प्रमाणावर उभ्या असतात. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने २००० सालच्या सुमारास निघालेलं हे प्रमाण धडा उघडला का, किती वेळ उघडा होता, संपला का, गुण किती, एवढं इमानदारीने टिपतं. समोर मास्तर होते, भाचा होता की मांजर, हा रकाना त्यात नाही.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी गृहस्थाने १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामात काय बदललं आणि त्यातून संस्थेच्या पदरात काय पडलं. जगभरच्या कचेऱ्या पहिल्या पायरीवर दम खायला बसतात. आपण तिच्याही खाली एक पायरी खोदली आहे. तिचं नाव प्रमाणपत्र. गीतेतल्या कर्मयोग्याने फळाची आशा धरू नये असं म्हणतात, पोर्टलवरच्याला निदान पीडीएफ लागते.

१९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते ‘कर्मयोगी सप्ताह’ सुरू झाला. प्रत्येक कर्मयोग्याने त्या आठवड्यात किमान ४ तास शिकावं, असं लक्ष्य होतं. शाखा डाकघरातल्या डाकसेवकाचं रोजचं अधिकृत कामच मुळी ४ किंवा ५ तासांचं. म्हणजे मास्तरांनी एक अख्खा दिवस डाकघर बंद ठेवून कामात प्रवीण व्हायचं. दारात आलेल्या म्हातारीने “मास्तर, पेन्शन आयली?” विचारलं तर सांगायचं, “आजी, आज मी ग्राहकसेवा शिकतोय. उद्या या.”

आता म्हातारी आलीच आहे तर तिचं काम बघू. तिच्या अंगठ्यावर जन्मभराची शेती झिजली आहे. यंत्र तो अंगठा ओळखत नाही. अंगठा पुसा, दुसरं बोट लावा, तेही नाही चाललं तर पुढे काय, हा प्रश्न मास्तरांना अकरा वाजता पडतो आणि उत्तर अकरा वाजून दोन मिनिटांनी हवं असतं. ‘आर्थिक समावेशन: एक दृष्टिक्षेप’ हा तासाभराचा धडा मार्च महिन्यात उत्तीर्ण केलेला असतो. मार्चमधलं ऑगस्टात किती उरतं, हे हेर्मान एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच लिहून ठेवलं आहे. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी दाखवलं की पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आठवड्यानंतर जास्त शिल्लक राहतं. आपल्याकडे परीक्षा व्हिडिओ संपताक्षणी होते आणि चुकलात तर तोच प्रश्न पुन्हा येतो. पर्याय चारच असतात. चौथ्या खेपेला दगडही उत्तीर्ण होतो.

खात्याला हे कळत नाही असंही नाही. नवी संगणकप्रणाली ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत देशभर आणताना साडेचार लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना शिकवलं. शिका, पुन्हा शिका, उजळणी करा, असं धोरण होतं आणि ते खरोखर शहाणपणाचं आहे. प्रणालीची चाचणी मे-जूनमध्ये कर्नाटक सर्कलमध्येच झाली, त्यामुळे आमचे मास्तर उरलेल्या देशाच्या दोन महिने आधी गोंधळले. त्यातून त्यांना बाहेर काढलं कोणी? शेजारच्या डाकघरातल्या दोस्ताने. त्याने कोंकणीत पाऊण मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला: अमुक ठिकाणी अडलं की तमुक दाब, घाई करू नको, पावती आल्याशिवाय पैसे देऊ नको. तो मास्तरांनी फोनमध्ये ठेवून दिला आहे. अडलं की ऐकतात, रेंज लागत नाही. चार दिवसांनी त्याच दोस्ताने फोन करून विचारलं, “जमतां मरे?” या सगळ्याचं प्रमाणपत्र कोणालाच मिळालेलं नाही. त्यामुळे सरकारदरबारी ते शिक्षण झालेलंच नाही.

या भागात सुपारीच्या झाडावर चढणारा गडीसुद्धा आधी बुंध्याशी उभा राहून बघतो, मग अर्ध्यापर्यंत चढतो, आणि खालून काका ओरडत असतो. तिथे ऐंशी टक्क्यांना उत्तीर्ण करण्याची पद्धत नाही.

आमची एक नम्र सूचना आहे. अभ्यासक्रम तयार करणाऱ्या सर्व तज्ज्ञांना येत्या आषाढात नंदिगड्ड्याला बोलवावं. विषय: सुपारीच्या कोळेरोगावर एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, आणि कशात काय आधी ओतायचं. भाषा कन्नड, तळाची अक्षरं कोंकणीत. तीन तासांचा व्हिडिओ, ज्याने त्याने आपल्या मोबाइलवर बघावा. शेवटी ‘हे प्रशिक्षण आपणास कसे वाटले?’ याला पाच तारे देणं बंधनकारक. त्यानंतर पंप पाठीला लावून झाडाखाली यावं. भाच्याला लॉगिन द्यायला हरकत नाही, मात्र झाडावर स्वतः चढायचं.