गौर जागते, यजमानीण बसते

लग्नानंतर ५ वर्षं श्रावणातल्या मंगळवारी पूजा करायची आणि झिम्मा, फुगडी, पिंगा खेळत रात्र जागवायची, अशी ही मंगळागौर. आता जागरणालाही ‘थीम’ लागते. यंदा पेशवाई. म्हणजे थर्माकोलचा वाडा (२०१८ची बंदी वाड्याबाहेर), भाड्याच्या समया आणि चेन लावलेली शिवलेली नऊवारी. भाजणीचे वडे, मटकीची उसळ केटररची. शेजारी पाणीपुरीचा स्टॉल, तोही बहुधा पेशवेकालीन! खेळायला मात्र पैसे मोजून बोलावलेला ग्रुप. तो घामाघूम होऊन ‘लाट्या बाई लाट्या’ करतो, यजमानीण खुर्चीतून रील काढते. हॉल दहाला रिकामा करायचा, म्हणून जागरण साडेनऊला आटोपतं. अहो, एक तरी फुगडी स्वतः घाला! नऊवारी शिवलेलीच आहे, सुटायची नाही.