तांदळाचा गुण

लॅपटॉपवर चहा सांडला. आईने तो लगेच तांदळाच्या डब्यात पुरला. तीन दिवसांनी बाहेर काढला, तर चार्जिंग बंद आणि पोर्टात कणी. अधिकृत सेवा केंद्राने आतली, ओल लागून लाल झालेली पट्टी पंचनाम्यासारखी दाखवली आणि ‘बोर्ड बदला’ म्हटलं. दर ऐकून नवा लॅपटॉप स्वस्त वाटू लागला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्या पोराने मात्र आधी मीटर लावला. चार्जर 5 व्होल्टवरच अडकलेला. त्याच्याकडे 20 व्होल्ट मागायचं काम ज्या चिपचं, तिचेच पाय हिरवे गंजलेले. (दूध-साखरेचा चहा, दुसरं काय होणार!) आयसोप्रोपिल अल्कोहोल, दातांचा जुना ब्रश, एक चिप नवी. लॅपटॉप चार्ज होऊ लागला.

आई म्हणाली, “बघ, तांदळाने गुण आला.”